एक जास्तीचा सूर्योदय

"फ्रीमाँट लांब म्हंजी किती लांब गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी एकतीस वर्षं कराडच्या शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीगोल हातात घेऊन अक्षवृत्तं, रेखावृत्तं, अंतरं, वेळा सगळं मुलांकडून घोटून घेतलं. तरी ह्या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आलं नाही. किलोमीटर सांगून त्यांना काही उमगणार नव्हतं. त्यांचं माप मुक्कामांचं. तरुणपणी त्या आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेल्या आहेत. ते अडीचशे किलोमीटर त्यांच्या लेखी अडीचशे नाहीतच. ते म्हणजे दिवे घाटाची चढण, लोणंदचा मुक्काम, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण आणि पायाला आलेले फोड. म्हणून मी म्हटलं, "अहो आई, वारीला तुम्ही जेवढं चाललात ना, तेवढं विमान सतरा मिनिटांत जातं. असे सतरा-सतरा मिनिटांचे पन्नास-साठ तुकडे लावले की फ्रीमाँट."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सतरा मिनिटांत हरिपाठ तरी पुरा होतोय का?"

त्यांचं हे वाक्य मी प्रवासाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मी मुलाकडे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला निघाले होते. तो तिथे २००९ पासून आहे. मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्याचा धोशा चालला होता, पण सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या, त्यांना एकटं टाकायचं नाही, म्हणून ठरलं की ह्यांनी घरी थांबायचं आणि मी एकटीने जाऊन यायचं. व्हिसा झाला, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली मुलाखत दोन मिनिटांत आटपली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते अंतराचं आणि वेळेचं, कारण एवढी वर्षं फळ्यावर सोडवलेली गणितं त्या सव्वातीन महिन्यांत मी स्वतः जगले.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने मला जुना पृथ्वीगोल भेट दिला होता. तीस सेंटीमीटर व्यासाचा. त्याच्यावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण सव्वाचारशे किलोमीटर. तिकिटाचं बोलणं सुरू झालं त्या रात्री मी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा काढला. एक टोक दिल्लीवर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणला. दोरा ताणला की तो आपोआप बृहद्वृत्तावर बसतो, म्हणजे सर्वांत जवळची वाट दाखवतो. हा प्रयोग मी दरवर्षी नववीच्या वर्गात करायची आणि दरवर्षी मुलं चकित व्हायची. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, भारत उजवीकडे, त्यामुळे सगळे म्हणायचे की वाट युरोपवरून, अटलांटिकवरून जाणार. दोरा मात्र सरळ वर जातो. हिमालय, शिनजियांग, अल्ताईचे डोंगर, सैबेरिया, लेना नदीच्या मुखाजवळून उत्तर ध्रुवीय समुद्र, पंचाहत्तर अंश उत्तरेच्याही वर, मग अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला स्पर्श करून खाली कॅनडाच्या किनाऱ्याने सॅन फ्रान्सिस्को. एकोणतीस सेंटीमीटर भरला. नेमक्या हिशेबाने सुमारे १२,३८० किलोमीटर.

आणि ह्या वाटेने विमान जात नाही.

ह्याचं एक कारण आपल्या डोक्यावरच आहे. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वरून मास्क खाली येतात, पण त्यातला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान तीन हजार मीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, म्हणजे साधी हवा श्वासाला पुरते. तिबेटवर खाली यायला जागाच नाही, तिथे जमीनच त्याच्या वर आहे. म्हणून बहुतेक विमानं ते पठार टाळूनच जातात. मुलांना हिमालय मोसमी पाऊस अडवतो एवढंच आपण शिकवतो. तो विमानांनाही वळसा घालायला लावतो हे पाठ्यपुस्तकात यायला हवं.

पुण्याच्या एका एजंटाने आधी आखातातून जाणारं तिकीट काढून दिलं होतं. स्वस्त होतं. पण मधल्या विमानतळावर विमान बदलायला फक्त सव्वा तास. मी वेळापत्रक कागदावर उतरवून पाहिलं. विमान दाराशी लागल्यावर सगळे उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, पुन्हा सुरक्षा तपासणी, लांबच लांब चालणं, आणि पुढच्या विमानाचं दार सुटण्याच्या बराच आधी बंद होणार. मुंबईहून निघायला अर्धा तास उशीर झाला की पुढचं विमान गेलंच. बासष्ट वर्षांच्या, एकट्या, पहिल्यांदा परदेशी निघालेल्या बाईला असं तिकीट देणं मला बरोबर वाटलं नाही, आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगून ते रद्द करायला लावलं. त्यात काही पैसे कापले गेले. पण लांबच्या प्रवासात तिकिटावर लिहिलेल्या तासांपेक्षा दोन विमानांमधला वेळ आधी बघावा, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते. तीन तासांपेक्षा कमी असेल तर घेऊ नका.

मग मुलाने दिल्लीहून थेट जाणारं विमान शोधलं. फोनवर तो म्हणाला, "आई, तुला आवडेल अशी गंमत आहे. हे विमान पूर्वेकडून जातं. पॅसिफिकवरून."

मी त्याच रात्री पुन्हा दोरा काढला. दिल्लीहून टोकियो, टोकियोहून सॅन फ्रान्सिस्को. तेहतीस सेंटीमीटर, म्हणजे चार सेंटीमीटर जास्त. प्रत्यक्षात वाट आणखी वाकडी असते. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकच्या बाजूने जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पहिल्यांदा पॅसिफिकवरून नेलं, तेव्हा अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर वाढले आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत पोचलं. त्या वेळी न थांबता जाणारं जगातलं सर्वांत लांब पल्ल्याचं नियमित उड्डाण तेच होतं.

जास्त लांब, तरी लवकर. हे गणित मी एकतीस वर्षांत कधी फळ्यावर घातलं नव्हतं याची मला हळहळ वाटली. कारण फार सुंदर आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षवृत्तांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारा वाहतो, जेट स्ट्रीम म्हणतात तो. झोतवारा. जपानवर तर तो थंडीत ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून ढकलतो. विमानाचा स्वतःचा वेग हवेत ताशी नऊशेच्या आसपास, त्यात वाऱ्याची भर. पंधरा हजार तीनशेला साडेचौदाने भागा, सरासरी ताशी १,०५५ किलोमीटर येते. नदीतून वरच्या अंगाला होडी न्यायची की प्रवाहाबरोबर सोडायची, एवढंच ते आहे. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेत पोहलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो वासाबुरो ओइशी ह्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्परान्टो ह्या मुद्दाम बनवलेल्या जागतिक भाषेत छापला आणि ती भाषा फारसं कोणाला येत नसल्यामुळे तो वाचलाच गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर उंचावरून आली तेव्हा त्यांना ह्या वाऱ्याने गाठलं. एवढं मोठं काम करून ठेवलेला माणूस, आणि त्याचं नाव आमच्या एकाही पुस्तकात नाही. मला त्याच्याबद्दल फार वाटतं.

निघायचा दिवस आला तो धनत्रयोदशीचा, १७ ऑक्टोबर. ऐन दिवाळीत का निघालीस, असं सगळ्यांनी विचारलं. नात आठ वर्षांची, तिला आजीबरोबर एक तरी दिवाळी मिळावी, एवढंच कारण. फराळाचे डबे भरले. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. दुधाचं काहीच घेतलं नाही, उगीच तिकडच्या तपासणीत अडकायला नको. आणि पर्समध्ये उटण्याची एक पुडी, कारण दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी होती.

सकाळी दहाला कराड सोडलं. साडेतीन तासांत पुणे. विमानतळावरच्या खिडकीत बॅग दिली तेव्हा पावतीच्या चिठ्ठीवर तीन अक्षरं पाहिली, डीईएल, म्हणजे दिल्ली. मला थेट शेवटपर्यंत बॅग जाणार असं सांगितलं होतं, म्हणजे तिथे सॅन फ्रान्सिस्कोचं एसएफओ हवं होतं. मी विचारलं. समोरच्या मुलाने आधी "जाईल, जाईल" म्हटलं. मी हटले नाही. शेवटी त्याने पाहिलं, चूक मान्य केली, चिठ्ठी बदलली. ती छोटी चिठ्ठी वाचायला एक मिनिट लागतं. वाचली नसती तर फराळ दिल्लीच्या पट्ट्यावर फिरत राहिला असता.

दिल्लीला पोचले रात्री पावणेनऊला. पुढचं विमान पहाटे चारला. ह्या सात तासांबद्दल कोणीच काही सांगत नाही. "किती तासांचा प्रवास?" विचारलं की लोक विमानातले तास सांगतात. मी वहीत सगळे लिहिले आहेत. कराडच्या उंबऱ्यापासून फ्रीमाँटच्या उंबऱ्यापर्यंत पस्तीस तास लागले. त्यातले हवेत सतरासुद्धा नाहीत. बाकीचे रस्ता, रांगा, बाकडी आणि वाट बघणं. दोऱ्याने मोजलेलं सॅन फ्रान्सिस्कोचं अंतर पस्तीस तासांवर पसरलं तर ताशी साडेतीनशे किलोमीटर होतात.

खिडकीची जागा मी हट्टाने घेतली होती. शेजारी होशियारपूरकडचे एक सरदारजी, माझ्याच वयाचे, युबा सिटीला मुलाकडे निघालेले. त्यांची ही सहावी खेप. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या त्या सांगते. चपला सैल ठेवा, पाय सुजतात. तासाला एकदा उठा, मागे जाऊन उभ्या राहा. आणि घड्याळ विमानात बसल्याबसल्या तिकडचं लावा. पहिल्या दोन मी ऐकल्या. तिसरी ऐकली नाही, कारण मला दोन्ही वेळा हव्या होत्या. मनगटावर भारताची वेळ ठेवली आणि समोरच्या छोट्या पडद्यावर नकाशा लावला, तो शेवटपर्यंत बदलला नाही.

विमान चारला सुटलं. सव्वापाचच्या सुमारास, बंगालच्या पुढे, खिडकीत आधी जांभळी, मग केशरी रेघ आली. घरी अजून अंधार असणार. ह्यांनी सासूबाईंसाठी बंब पेटवला असेल. सूर्योदयाच्या आत अभ्यंगस्नान व्हायला हवं म्हणून मी उटण्याची पुडी उघडली, चिमूटभर तळहातावर घेतलं, पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब टाकले आणि दोन्ही हातांना, मानेला लावलं. नागरमोथ्याचा, वाळ्याचा वास त्या बंद हवेत पसरला. सरदारजींनी डोळे उघडून विचारलं, "ये ख़ुशबू कहाँ से?" मी त्यांना नरकासुराची गोष्ट सांगितली. त्यांनीही हात पुढे केला.

मग सूर्य आला, अगदी समोरून. विमान पूर्वेकडे आणि सूर्य पश्चिमेकडे, दोघं एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून दिवस झरझर सरतो. म्यानमार, चीन. पडद्यावर बाहेरचं तापमान उणे चौपन्न. जपान जवळ आला तसा जमिनीवरचा वेग वाढत गेला. हजार, एक हजार चाळीस, एक हजार शंभर. मी प्रत्येक आकडा वेळेसकट लिहिला. सर्वांत जास्त दिसला तो १,१३८. बसल्या जागी काही कळत नाही, पाण्याचा पेलासुद्धा हलत नाही. ओइशींचा वारा आम्हाला नेत होता.

माझ्या घड्याळात दुपारचे सव्वाबारा झाले आणि सूर्य मागे बुडाला. त्या दिवशीचा माझा दिवस सात तासांचा झाला. खाली नुसता पॅसिफिक. ढग तांबूस, मग राखी, मग काहीच नाही. दिवे मंद केले, सगळे झोपले. मी जागी राहिले, कारण मला वाररेषा ओलांडताना बघायची होती. बघायला तिथे काही नसतं हे मला माहीत होतं. पृथ्वीगोलावरची ती वाकडीतिकडी रेघ मी हजारो मुलांना बोटाने दाखवली आहे, बेटांना चुकवत कशी वळते ते, पूर्वेकडे जाताना एक वार मागे कसा घ्यायचा ते. घड्याळात दीडच्या सुमारास पडद्यावरचं छोटं विमान १८० अंशांवर आलं. बाहेर रात्रीचे आठ. रेषेच्या अलीकडे ती बुधवार, १८ तारखेची रात्र होती आणि पलीकडे मंगळवार, १७ ची. मी नरक चतुर्दशीतून पुन्हा धनत्रयोदशीच्या रात्रीत आले. डोळे भरून आले. खरं म्हणजे रडण्यासारखं काही नव्हतं, पण एकतीस वर्षं जी रेघ नुसती शिकवली ती आज माझ्या अंगावरून गेली होती.

१५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं एकच जहाज जगाला वळसा घालून परत येत होतं. केप व्हर्दे बेटांवर त्यांना कळलं की आपण रोज नीट नोंद ठेवूनही एक वार चुकलो. ते बुधवार समजत होते, बेटावर गुरुवार होता. त्या जहाजावरच्या पिगाफेट्टाने रोजनिशी एकही दिवस न चुकवता लिहिली होती आणि तरी हे झालं, कारण ते पश्चिमेकडून गेले होते. त्यांचा एक सूर्योदय कमी झाला. आम्ही पूर्वेकडून निघालो होतो.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विमान सॅन फ्रान्सिस्कोला टेकलं. माझ्या मनगटावर संध्याकाळचे सहा चाळीस. चौदा तास चाळीस मिनिटं. तिकिटावर निघायची तारीख १८, वेळ चार. पोचायची तारीख १८, वेळ सहा दहा. आमच्या शेजारच्या वहिनींनी ते तिकीट बघून "दोनच तास?" असं विचारलं होतं, आणि मी त्यांना रेखावृत्तांचं गणित मांडून दाखवलं होतं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाते ती. कॅलिफोर्नियाची १२० अंश पश्चिम. बेरीज दोनशे अडीच अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आठशे दहा मिनिटं, साडेतेरा तास. उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे तिकडे तेव्हा घड्याळं एक तास पुढे असतात म्हणून, त्यातला एक तास कमी, साडेबारा. माझी १८ ऑक्टोबर ही तारीख साडेछत्तीस तासांची झाली.

पासपोर्टच्या रांगेतून, फराळाच्या डब्यांची चौकशी संपवून बाहेर आले तेव्हा साडेसात झाले होते. मुलगा, सून, नात तिघंही उभे. सूर्य नुकताच वर आला होता. एकाच तारखेचा दुसरा सूर्योदय.

पण त्या दिवसातली खरी गोष्ट संध्याकाळी कळली. सून म्हणाली, "आई, लक्ष्मीपूजन आज करायचं." मी म्हटलं, छे, आज चतुर्दशी, अमावास्या उद्या. घरच्या कॅलेंडरात लक्ष्मीपूजन १९ ला होतं. मग मी बसून हिशेब केला. कराडला अमावास्या लागत होती १८ ची मध्यरात्र उलटून तेरा मिनिटांनी. तो क्षण चंद्राचा आणि सूर्याचा, त्याला कोणाचं घड्याळ माहीत नाही. तोच क्षण कॅलिफोर्नियात १८ ला दुपारी पावणेबाराचा. म्हणजे १८ ची संध्याकाळ इथे अमावास्येची होती, आणि १९ च्या संध्याकाळी अमावास्या संपलेली असणार. सून बरोबर होती. मी सकाळी विमानात उटणं लावलं आणि त्याच तारखेच्या संध्याकाळी लक्ष्मीपुढे पणती लावली. कराडला फोन केला तेव्हा ह्यांची १९ ची सकाळ होती आणि पूजेला अजून पुरा दिवस होता. पंचांग हे आकाशाचं वेळापत्रक आहे, असं मी मुलांना सांगायची. त्याचा अर्थ मला त्या पणतीपाशी पुरता कळला.

शरीराचं वेळापत्रक मात्र सावकाश बदललं. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी तीनला जेवताजेवता डोळे मिटायचे. तासागणिक एक दिवस लागतो असं म्हणतात. मला नऊ दिवस लागले. सकाळच्या उन्हात अर्धा तास चालणं, एवढाच उपाय लागू पडला.

फोनची वेळ लक्षात ठेवायला सोपी होती. घड्याळ तेच, फक्त दिवसाची रात्र करायची आणि अर्धा तास पुढे जायचं. रोज माझे रात्रीचे आठ म्हणजे त्यांचे सकाळचे साडेआठ. ५ नोव्हेंबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि आम्ही दोघंही ते विसरलो. हे त्या दिवशी साडेआठला फोनपाशी बसले आणि मी फोन केला साडेनऊला. तासभर ते तिथून हलले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही, असं सासूबाईंनी मागाहून सांगितलं. अंतराचं हे एक माप माझ्या वहीत आहे, त्याला एकक नाही.

तिथे असताना आनंदीबाई जोशींची आठवण पुष्कळदा यायची. एप्रिल १८८३ मध्ये त्या कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी, बरोबर घरचं कोणी नाही, जवळजवळ दोन महिने समुद्रावर. पत्र गेलं तर उत्तर यायला त्याहून जास्त. माझ्या पस्तीस तासांची मी कितीही नोंद केली तरी त्या दोन महिन्यांपुढे ती ठेवताना हात थांबतो.

२३ जानेवारी २०१८ ला परत निघाले. सकाळी साडेदहाचं विमान, आणि ते जाणार होतं दुसऱ्या बाजूने. कॅनडा, ग्रीनलंड, मग रशियाचा उत्तर भाग, कझाकस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, दिल्ली. इकडूनही पूर्वेकडेच. म्हणजे जाताना जिथून निघाले तिथेच, न वळता, पृथ्वीला पुरा वळसा घालून पोचणार होते. जानेवारीत उत्तरेला दिवस फारसा नसतोच. निघाल्यावर थोड्याच तासांत अंधार पडला आणि ग्रीनलंड सगळा काळोखात गेला, एक दिवा नाही. उजाडलं ते रशियावर. बर्फात गोठलेल्या नदीची वळणं खाली तासभर दिसत होती. सोळा तासांनी, २४ तारखेच्या दुपारी चारला दिल्ली.

ती वाट आज तशीच मिळेल असं नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानचं आकाश बंद झालं ते जुलैपर्यंत, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणारं विमान तेरा तास घेऊ लागलं. दोरा तोच आहे, पृथ्वीगोल तोच आहे. पण दोन गावांमधलं अंतर कोणाचं कोणाशी बिनसलंय त्यावरही ठरतं, हे मी आता वर्गात पहिल्या तासाला सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी माझा हात धरून देवघरापाशी नेलं. मी गेल्यापासून रोज पहाटे त्यांनी एक फुलवात माझ्या नावाने लावली होती, आणि प्रत्येक वातीमागे डब्यात एक तांदळाचा दाणा टाकला होता. आज पहाटेची वात त्यांनी लावली होती, पण गडबडीत दाणा टाकायचा राहिला म्हणून मी आल्यावर त्यांनी तो टाकला. मग २४ तारखेपर्यंतचे दाणे वेगळे करून ताटलीत मोजले. नव्व्याण्णव.

मी वही काढली. मी रोज सूर्य उगवला की नवं पान सुरू केलं होतं. बंगालच्या पुढचा एक, सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाबाहेरचा एक, फ्रीमाँटमधले सगळे, आणि रशियावरचा शेवटचा. २४ तारखेपर्यंत शंभर पानं.

त्यांनी पुन्हा दाणे मोजले. मीही मोजले. नव्व्याण्णवच. मग मी पृथ्वीगोल खाली काढला, दोरा दिल्लीवर धरला आणि पूर्वेकडून पुरा गुंडाळत परत दिल्लीवर आणला. त्या बारीक डोळे करून बघत होत्या. दोरा जुळला तसं त्यांनी बोट त्याच्यावर ठेवून हळूहळू सगळीकडून फिरवलं, जपान, समुद्र, अमेरिका, बर्फ, आणि पुन्हा आपल्याकडे.

"परदक्षिणा झाली की गं तुझी," त्या म्हणाल्या, आणि डब्यातून एक दाणा काढून ताटलीत ठेवला.